कॅमेरा कुणाचा होता? युद्धकाळातल्या प्रचारावरचे माहितीपट पाहायला लागणाऱ्या बडोदेकरांसाठी

दुसऱ्या महायुद्धावरचा कुठलाही माहितीपट लावा. पहिल्या पाच मिनिटांत रांगेनं चालणारे सैनिक, फडफडणारे झेंडे, हात उंचावून ओरडणारी गर्दी आणि मायक्रोफोनसमोर तावातावानं बोलणारा हिटलर दिसतोच. निवेदक आपल्याला नाझींचा क्रूरपणा समजावून सांगत असतो, पण डोळ्यांसमोर जे चाललंय ते बहुतेक वेळा नाझींनीच, नाझींसाठी, नाझींना भव्य दाखवायला टिपलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की असे माहितीपट पूर्वीसारखे पाहता येत नाहीत.

दांडिया बाजारात आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी पाच-सात जण जमतात आणि एक माहितीपट पाहतात. नवीन येणारा माणूस बहुतेक एकच प्रश्न विचारतो : "सुरुवात कुठून करू?" हा लेख त्याच्यासाठी. वडोदरा म्हणा की बडोदं, गाव तेच. इथं या विषयाला बसायला मोठी पदवी लागत नाही. इंटरनेट, बरा स्पीकर आणि एक वही पुरे.

आधी वीस मिनिटांचा सराव

तीन तासांच्या माहितीपटावर एकदम उडी मारू नका. आधी तीन छोटे तुकडे याच क्रमानं पाहा.

पहिला, हिटलरसाठी चित्रपट काढणारी जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल हिच्या 'ट्रायम्फ ऑफ द विल'मधला संचलनाचा कुठलाही पाच-सात मिनिटांचा भाग. १९३४ च्या न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्याचा हा चित्रपट १९३५ मध्ये आला. कॅमेरे सुमारे तीस होते आणि एक तर झेंड्याच्या उंच खांबाला लावलेल्या लिफ्टमधून वर-खाली फिरत होता. हा भाग आवाजासकट आणि कसलीही टीका मनात न आणता पाहा. अंगावर काटा आला तर येऊ द्या. तो यावा म्हणूनच ते बनवलेलं आहे, आणि तो कसा येतो हे स्वतःवर अनुभवल्याशिवाय पुढचं सगळं कोरडं वाटतं.

दुसरा, 'लॅम्बेथ वॉक : नाझी स्टाइल'. जेमतेम दोन मिनिटांचा. युद्ध चालू असतानाच चार्ल्स रिडली या ब्रिटिश माणसानं याच चित्रपटातली संचलनाची दृश्यं घेतली, ती पुढे-मागे, पुढे-मागे चालवली आणि त्याखाली त्या काळातलं एक लोकप्रिय नाचाचं गाणं लावलं. हिटलरचे सैनिक कंबर हलवत नाचायला लागतात. आमच्याकडे हे लागलं की पोटं धरून हसतात. आज मोबाइलवर जे मीम फिरतात त्यांचा हा पणजोबा.

तिसरा, फ्रँक काप्राच्या 'प्रिल्यूड टू वॉर'मधली दहा मिनिटं. हॉलिवूडचा हा नावाजलेला दिग्दर्शक अमेरिकी सैन्यात गेला आणि 'व्हाय वी फाइट' ही सात चित्रपटांची मालिका त्यानं १९४२ ते १९४५ मध्ये काढली. आपण का लढतोय हे नव्या सैनिकांना सांगणं हा तिचा उद्देश होता. काप्रानं शत्रूची फिल्म शत्रूवरच उलटवली : जर्मन आणि जपानी प्रचारपटांतली दृश्यं उचलायची आणि त्यावर आपलं निवेदन चढवायचं. मालिका अमेरिकी सरकारची असल्यानं प्रताधिकाराची अडचण नाही. इंटरनेट आर्काइव्हवर ती फुकट मिळते.

तेच सैनिक, त्याच रांगा. एकीकडे भक्ती, दुसरीकडे टिंगल, तिसरीकडे धोक्याचा इशारा. वीस मिनिटांत हे जेवढं कळतं तेवढं दोन पुस्तकं वाचूनही मला कळलं नव्हतं.

वही काढा

माहितीपट पाहताना जुनं दृश्य आलं की तीन गोष्टी टिपा. हे कुणी आणि कुणाच्या हुकमावरून टिपलं? तेव्हा ते कुणाला दाखवायचं होतं? आत्ता त्याच्यावर बोलणारा आवाज कुणाचा आहे? उत्तर सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह घाला आणि पुढे जा. चांगला माहितीपट स्वतःच मध्येमध्ये उत्तरं देतो. वाईट माहितीपट जुन्या फिती नुसत्या भिंतीवरच्या कागदासारख्या चिकटवत जातो, आणि तुमच्या वहीत प्रश्नचिन्हांची रांग लागते. माहितीपटाचा कस जोखायला मला तरी याहून सोपी रीत सापडलेली नाही.

आवाजाचंही टिपा. आघाडीवर टिपलेली बरीचशी फिल्म मूक होती. तोफांचा गडगडाट, बुटांचा ठेका, लोकांचा जल्लोष, यातलं पुष्कळसं नंतर जोडलेलं असतं. म्हणून एखादा प्रसंग फारच परिणामकारक वाटला तर आवाज बंद करून तो पुन्हा पाहा. रंगाचंही तेच. जुन्या काळ्या-पांढऱ्या फितींना हल्ली रंग चढवतात. पीटर जॅक्सनचा २०१८ चा 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' त्यासाठीच गाजला, आणि पहिल्या महायुद्धातल्या पोरसवदा सैनिकांचे चेहरे त्यात फार जवळचे वाटतात हे खरंच. पण ते रंग शंभर वर्षांनंतरच्या माणसांनी ठरवलेले आहेत. नवख्यानं आधी मूळ पाहावं, मग रंगीत.

'सोम'पासून सुरू करा, हिटलरपासून नको

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक जण नाझींपासून सुरुवात करतात, कारण तिथं बरं-वाईट आधीच ठरलेलं असतं आणि आपल्याला काही ठरवावं लागत नाही. वीस मिनिटांचा सराव झाला की मी पहिल्या महायुद्धातला, १९१६ चा 'द बॅटल ऑफ द सोम' आधी पाहायला सांगतो.

जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोघा ब्रिटिश कॅमेरामननी तो टिपला आणि त्याच ऑगस्टमध्ये तो चित्रपटगृहांत लागला. फ्रान्समध्ये सोमची लढाई तेव्हा चालूच होती, ती थांबली नोव्हेंबरात. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपल्याचं सांगतात. घरातला मुलगा किंवा नवरा पडद्यावर दिसतो का हे पाहायला लोक जात. इंग्लंडचं सरकार आपल्याच जनतेला आपलेच जखमी आणि मेलेले सैनिक दाखवत होतं, आणि लोक ते पाहून युद्धाच्या विरोधात गेले नाहीत, उलट जास्त घट्टपणे मागं उभे राहिले. म्हणजे प्रचार नेहमी गोड गोड असतो ही समजूत इथंच गळून पडते.

त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य आहे खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचं. एक जण चढता चढता कोसळतो आणि मातीवरून घसरत खाली येतो. हे दृश्य खोटं आहे, आघाडीच्या मागे सरावाच्या जागी नंतर उभं केलेलं. बाकीचा बराचसा चित्रपट मात्र अस्सल आहे. मूळ फिल्म लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं जपली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात तिची नोंद झाली. एकाच फितीत खरं आणि रचलेलं शेजारीशेजारी आहे. ते वेगळं करायचा प्रयत्न करा आणि मगच संग्रहालयाच्या अभ्यासकांनी काय म्हटलंय ते वाचा.

मग माणसांकडे वळा

आता प्रचार करणाऱ्यांवरचे माहितीपट. रीफेनश्टालवर दोन आहेत, दोन्ही बघण्याजोगे, पण एका बैठकीत नाही. रे म्युलरचा १९९३ चा तीन तासांचा, त्यात नव्वदी गाठलेली रीफेनश्टाल स्वतः बोलते. आपण फक्त कलावंत होतो, राजकारण आपल्याला कळत नव्हतं, हे पालुपद ती सोडत नाही. दिग्दर्शकानं अडचणीचं विचारलं की चिडते. आणि संकलनाच्या टेबलावर जुन्या संचलनाचे शॉट कसे जोडले हे सांगायला लागली की चेहरा उजळतो. ही जागा आली की आमच्याकडे कुणीतरी हमखास 'थांबव' म्हणतं आणि वाद सुरू होतो. दुसरा आंद्रेस फाइलचा २०२४ चा, तिच्या मृत्यूनंतर उरलेल्या खाजगी कागदपत्रांवर, फितींवर आणि ध्वनिमुद्रणांवर उभा. पहिल्यात ती आपली बाजू मांडते, दुसऱ्यात तिचेच कागद तिला उलट तपासतात. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. आणखी एक माहिती हाताशी असू द्या : 'टीफलांट' या तिच्या चित्रपटात नाझींच्या छळछावण्यांमधून आणलेले सिंती आणि रोमा (ज्यांना जिप्सी म्हणत) कैदी जमावातली माणसं म्हणून वापरले होते.

दुसरं टोक म्हणजे 'फाइव्ह केम बॅक', २०१७ ची तीन भागांची नेटफ्लिक्स मालिका. काप्रा, जॉन फोर्ड, विल्यम वायलर, जॉन ह्यूस्टन आणि जॉर्ज स्टीव्हन्स हे हॉलिवूडचे पाच दिग्दर्शक युद्धात काय करत होते याची ती कथा आहे. नवख्याला ही सगळ्यात सोपी, कारण गोष्ट वेगानं जाते. पण तिचा सूर पाचांवर लोभ असलेला आहे, हे वहीत लिहून ठेवा. इटलीतल्या सान पिएत्रोच्या लढाईवरच्या ह्यूस्टनच्या चित्रपटातली बरीच लढाई, लढाई संपल्यावर पुन्हा उभी केलेली आहे. त्याच ह्यूस्टननं युद्धातून मन मोडून परतलेल्या सैनिकांवर 'लेट देअर बी लाइट' केला, तर सैन्यानं तो १९८० पर्यंत दाबून ठेवला. रचलेली लढाई चालली, खरं रडू चाललं नाही. स्टीव्हन्सचा मार्ग निराळा : डाखाउच्या छावणीत त्याच्या तुकडीनं टिपलेली दृश्यं नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून लावली गेली. प्रचारासाठी दिलेला कॅमेरा तिथं साक्षीदार झाला.

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्यावर बरंच काही आहे, पण मला त्याच्यापेक्षा त्याची टंकलेखिका जास्त अस्वस्थ करते. ब्रुनहिल्डे पोमसेल १९४२ पासून त्याच्या मंत्रालयात काम करत होती. 'अ जर्मन लाइफ' हा तिच्यावरचा माहितीपट २०१६ चा. जानेवारी २०१७ मध्ये १०६ व्या वर्षी ती गेली. पडद्यावर जवळजवळ फक्त तिचा सुरकुतलेला चेहरा, काळा-पांढरा. मध्ये त्या काळातल्या फितींचे तुकडे. ती म्हणते, आम्हाला काही माहीत नव्हतं. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या मंडळींबरोबर हा पाहा. चर्चा भलत्याच घरगुती वळणावर जाते.

एक माहितीपट, ज्यासाठी वेळ काढावा

सगळ्यांतून एकच निवडायचा असेल तर मी याएल हेरसोन्स्कीचा 'अ फिल्म अनफिनिश्ड' निवडीन, २०१० चा.

मे १९४२ मध्ये एक जर्मन चित्रणपथक वॉर्सॉच्या ज्यू वस्तीत उतरलं. सुमारे तासभराची मूक, अपुरी फिल्म युद्धानंतर जर्मनीत एका संग्रहात सापडली. तिच्यात एकीकडे उपासमारीनं रस्त्यावर पडलेली माणसं, दुसरीकडे सजलेल्या घरांत, हॉटेलांत खाणारे-पिणारे ज्यू. अनेक वर्षं तिच्यातले तुकडे इतिहासाचा पुरावा म्हणून इतर माहितीपटांत बिनधास्त वापरले गेले. मग १९९८ मध्ये आणखी एक रीळ मिळालं, टाकून दिलेल्या शॉट्सचं. त्यात तोच प्रसंग पुन्हापुन्हा घेतलेला दिसतो. चांगले कपडे घातलेली माणसं प्रेताजवळून न बघता पुढं जातात, परत येतात, पुन्हा जातात. चौकटीच्या कडेला दुसरा कॅमेरामनही सापडतो.

हेरसोन्स्कीनं काय केलं? ती फिल्म वॉर्सॉतून वाचलेल्या वृद्धांना चित्रपटगृहाच्या अंधारात दाखवली आणि त्यांचे चेहरे टिपले. तिथल्या ज्यू परिषदेचा प्रमुख आदाम चेर्नियाकूव याची रोजनिशी वाचून दाखवली. कारण चित्रण चालू असताना तो ते लिहून ठेवत होता. आणि कॅमेरामन विली व्हिस्टनं पुढे जी जबानी दिली तीही जोडली. चित्रणानंतर दोनच महिन्यांत, २२ जुलैला, तिथून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला गाड्या सुटू लागल्या. दुसऱ्या दिवशी चेर्नियाकूवनं जीव दिला.

फिल्म खोटी आहे म्हणून ती फेकून द्यायची का? तिच्यातली भूक तर खरी आहे. रस्त्यावरच्या त्या पोरांचे चेहरे दुसरीकडे कुठंच उरलेले नाहीत. एका वृद्धेला भीती वाटत होती की पडद्यावर आपली आई दिसेल. हा माहितीपट रात्री उशिरा लावू नका, आणि तो संपल्यावर लगेच चहा ठेवायला उठू नका. मुलांना नको. छावण्यांची दृश्यं असलेले कुठलेही माहितीपट घरातल्या लहानांसमोर लावायचे नाहीत, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम आहे.

आपल्याकडचा प्रचार

ही पायरी बहुतेक जण गाळतात. हिटलरबद्दल बोलताना आपण सगळे न्यायाधीश होतो. आपल्या आजोबांनी काय पाहिलं हे विचारलं की गप्प.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारनं १९४० मध्ये मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड उभारलं. सैन्यात भरती व्हा, बचत करा, कारखान्यात घाम गाळा, अशा विषयांचे लघुपट निघू लागले. काही काळ त्या मंडळाचे निर्मितीप्रमुख होते व्ही. शांताराम. आपले शांतारामबापू! ते बाहेर पडल्यावर एझ्रा मीर आले. १९४३ मध्ये त्या मंडळाची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियानं घेतली, सोबत 'इंडियन न्यूज परेड' ही बातमीफीत आली, आणि भारत संरक्षण नियमांखाली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या चित्रपटगृहांना हे दाखवणं सक्तीचं झालं. त्याच १९४३ मध्ये बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मरत होती. तेव्हाचा एखादा लघुपट सापडला तर वहीत आणखी एक प्रश्न वाढवा : यात काय नाही?

१९४६ मध्ये ते खातं बंद पडलं. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ टिपायला सरकारचं स्वतःचं चित्रपट-युनिटच नव्हतं. फिल्म्स डिव्हिजन आलं १९४८ मध्ये, आणि चित्रपटाआधी सरकारी फीत सक्तीनं दाखवायची पद्धत स्वतंत्र भारतानंही तशीच चालू ठेवली. चाळिशीपुढच्या कुणालाही "फिल्म्स डिव्हिजन की भेंट" म्हणा, तो आवाज त्याच्या कानात लगेच घुमेल.

रेडिओवरही लढाई होतीच. १९४२ पासून बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता, आणि लंडनच्या बीबीसीत हिंदुस्थानासाठीच्या विभागात इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल युद्धाची साप्ताहिक पत्रं लिहीत होते, जी मराठी आणि गुजरातीत भाषांतरित होऊन प्रक्षेपित व्हायची. त्यांच्या सहकाऱ्यांत मराठमोळ्या वेणू चितळे होत्या. बडोद्यातल्या घराघरांत या दोन भाषा एकाच ताटात जेवतात, तेव्हा ही गोष्ट इथं जास्त लागते.

आणि खुद्द बडोदं? ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनचं नाव 'बरोडा' होतं. त्यांच्या स्पिटफायर विमानांना गायकवाड सरकारांनी पैसा दिला होता. अशा देणगीच्या विमानांवर देणाऱ्याचं नाव रंगवायचे आणि त्याची बातमी व्हायची. विमान लढायचं आणि जाहिरातही करायचं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसून या बाजूनं वाचन करता येतं. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय खात्याची तर स्वतःची दृक्‌शिक्षण शाखाही होती, मॅजिक लँटर्न आणि सिनेमा घेऊन गावोगाव जाणारी. दादासाहेब फाळकेही इथल्याच कलाभवनात शिकलेले. पडद्याचा उपयोग लोकांची मनं घडवायला होतो, हे या गावाला फार आधी उमगलं होतं.

चार जणांना जमवायचं तर

दीड तासाहून लांब माहितीपट एका बैठकीत दाखवू नका. म्युलरचा तीन तासांचा दोन शनिवारांत तोडा. मराठी उपशीर्षकं मिळणार नाहीत, हे धरूनच चला. इंग्रजी उपशीर्षकं लावा आणि ज्येष्ठांसाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबवून कुणीतरी मराठीत सांगावं. यंत्रानं आपोआप तयार केलेली उपशीर्षकं जुन्या घरघरत्या आवाजांपुढं हात टेकतात, म्हणून आधी एकदा तपासून घ्या. घरी चार मित्रांनी पाहणं वेगळं आणि सभागृह घेऊन तिकीट लावणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्कधारकाची परवानगी घ्या.

खाण्याचं म्हणाल तर सेव-उसळ नंतर. आधी मागवली की पहिली वीस मिनिटं चमच्यांचा आवाज ऐकावा लागतो.

चर्चेत पहिलं बोलणं सगळ्यात कमी माहिती असलेल्याला द्या. इतिहासाचा जाणकार आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि संपलं. आजच्या राजकारणावर गाडी जाणारच. ती अडवू नका, पण अट घाला : जो आजचं उदाहरण देईल त्यानं ती चित्रफीत कुणी बनवली, कुणासाठी बनवली हेही सांगायचं. निम्मी भांडणं तिथंच थंडावतात, कारण कुणालाच ते माहीत नसतं.

आणि घरात नव्वदीच्या आसपासचं कुणी असेल तर एक काम लगेच करा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून विचारा : लहानपणी टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी काय दाखवायचे? युद्धाच्या बातम्या रेडिओवर कुणाच्या घरी ऐकायला जायचात? भिंतीवर कसली पोस्टरं होती? मध्ये बोलू नका, तारखा दुरुस्त करू नका. फाइलला नाव आणि तारीख घाला, आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर ठेवून द्या.